दक्षिणद्वारचं पाणी आणि सभामंडपाची किल्ली



या दत्तजयंती अंकात माझं नाव आजवर फक्त शेवटच्या पानावर, जमाखर्चाच्या पत्रकाखाली छापून यायचं. यंदा संपादक मंडळाने लेखच लिहा म्हणून आग्रह धरला. मी काही कीर्तनकार नाही की शास्त्री नाही. बी.कॉम. झालो आणि चौतीस वर्षं बँकेत लेजर, व्हाउचर आणि कॅश काउंटर यांत काढली. गुरुचरित्राचं सप्ताह-पारायण दरवर्षी करतो, तेवढीच शिदोरी. पण एक गोष्ट बरीच वर्षं मनात रुतून बसली आहे. ती दत्तभक्तांपुढे नाही मांडायची तर कुणापुढे?

आपल्या भागात पावसाळा लागला की एक प्रश्न घरोघरी विचारला जातो. पुण्या-मुंबईची लेकरंसुद्धा फोनवर विचारतात, "बाबा, वाडीला दक्षिणद्वार झालं का?" नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम. कृष्णामाई चढू लागली की पाणी उत्तरद्वाराने मंदिरात शिरतं, श्रींच्या मनोहर पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणद्वाराने बाहेर पडतं. त्या दाराशी उभं राहून स्नान करायला माणसं रात्री-अपरात्री गाड्या काढून येतात. मीही कितीदा गेलो आहे. थंडगार पाणी डोक्यावर घेताना अंगावर जो काटा येतो, तो सांगून कळायचा नाही.

जगात पुराच्या पाण्याला सोहळा म्हणणारी गावं थोडीच असतील. आपण म्हणतो, आणि त्यात चूक नाही. पण त्याच पाण्याचं दुसरं रूप २०१९ च्या श्रावणात पाहिलं. ५ ऑगस्टला नागपंचमी होती. बायका वारुळाला जायच्या त्या दिवशी शिरोळ तालुक्यातल्या कितीतरी घरांत लोक गाठोडी बांधत होते. पाणी वाडीच्या मंदिरावरून गेलं, गल्ल्यांत गेलं, माळ्यांवर गेलं. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सांगलीत आयर्विन पुलाशी ४५ फुटांना धोका मानतात, तिथे ५७ फुटांच्या वर. दोन्ही जिल्ह्यांत लाखो लोकांना घरं सोडावी लागली. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी नावच उलटली, ते आठवलं की आजही घास घशाखाली उतरत नाही.

लोक आधी का निघाले नाहीत, असं शहरातली माणसं विचारतात. निघाले नाहीत त्याचं एक कारण म्हणजे भिंतीवरची रेघ. २००५ च्या पुराचं पाणी जिथवर आलं होतं तिथे घराघरांत कुणी खिळा ठोकला होता, कुणी रंगाची रेघ मारली होती. "पाच सालाला हितंवर आलतं, आता कशाला वर येतंय," म्हणून माणसं बसून राहिली. आमच्या बँकेतही गेल्या वर्षीच्या आकड्यावर पुढच्या वर्षीचा अंदाज बांधायची हीच खोड होती. पण नदी मागचं लेजर बघून चढत नाही. (अलमट्टीचा वाद मोठ्या लोकांनी करावा, माझी त्यात गती नाही.)

दुसरं कारण जनावरं. त्याविषयी पुढे सांगतो.

आता आमच्या मंदिराकडे येतो. जयसिंगपूर तसं उंचावर, त्यामुळे खालच्या गावांतली माणसं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून इकडे येऊ लागली. शाळा भरल्या, मंगल कार्यालयं भरली. संध्याकाळी दोन कार्यकर्ते मंदिरात आले. म्हणाले, सभामंडप उघडा, साठ-सत्तर माणसं आहेत, बायका-पोरं पावसात उभी आहेत. सभामंडपाची किल्ली खजिनदार म्हणून माझ्याकडे होती. कमिटीतले चार-पाच जण हजर होते. चर्चा सुरू झाली. सोवळ्याचं काय? गाभारा इतका जवळ, अडचणीच्या बायका असतील, त्यांचं काय? संडास दोनच आहेत. नवीन फरशी घातली आहे. उद्या कुणी जायलाच तयार झालं नाही तर? एकेक शंका अगदी बरोबर वाटत होती, आणि सगळ्यात व्यवहारी शंका माझ्याच होत्या. शेवटी मीच म्हणालो, "उद्या सकाळी रीतसर बैठक घेऊ, ठराव करू, मग उघडू." किल्ली खिशात घालून घरी आलो आणि गरम पिठलं-भात जेवलो.

त्या रात्री ती माणसं एका दुकानाच्या पत्र्याखाली उभ्याने राहिली.

सकाळच्या बैठकीला आमचे वयोवृद्ध पुजारीकाका येऊन बसले. ते कमिटीत नाहीत, एरवी बोलतही नाहीत. आमचं सगळं ऐकून घेऊन ते एवढंच म्हणाले, "वाडीला पाणी वाढलं की देवाची उत्सवमूर्ती उचलून वर नारायण स्वामींच्या मंदिरात नेतात. त्याला कोणी बैठक घेतं का?"

बैठक तिथेच संपली.

मंडळी, या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. दक्षिणद्वाराच्या ओढीने आपण वाडीला जातो, पण देव तिथून हलतो इकडे आपलं लक्षच जात नाही. साक्षात दत्तमहाराज पूर आला की दुसऱ्याच्या छपराखाली जातात. तिथे त्यांची पूजा होते, नैवेद्य होतो, शेजारती होते. कोणी म्हणत नाही की देव आता आश्रित झाला. मग राजापूर-खिद्रापूरकडचा शेतकरी आपल्या मंडपात आला की तो लगेच 'पूरग्रस्त' कसा होतो? आपण त्याच्याकडे ताट सरकवताना आवाज का चढवतो? दत्तप्रभूंना तरी स्वतःचं घर कुठे आहे? माध्यान्हीची भिक्षा करवीरात आणि निद्रा माहूरगडावर. रोज परक्या दारात उभं राहणारा हा देव. त्याची झोळी भरायला आपण धावतो, कारण ती झोळी आपण ओळखतो. ट्रॉलीतून उतरलेल्या माणसाच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी मात्र ओळखता येत नाही.

सभामंडप उघडला. माझा स्वभाव, लगेच फुटपट्टी लावली. मंडप चाळीस बाय तीस, म्हणजे बाराशे चौरस फूट. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची २०१६ ची किमान मानकं आहेत. निवारा केंद्रात माणशी साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा, प्यायला दिवसाला किमान तीन लिटर पाणी, तीस माणसांमागे एक शौचालय. (हे मी नंतर वाचलं. तेव्हा वाचलं असतं तर बरं झालं असतं.) त्या हिशोबाने आमच्या मंडपात एकतीस माणसं बसतात. रात्रीपर्यंत एकशे चाळीस झाली. पाय पसरायचे तर पाळी लावावी लागे. बायकांसाठी एका बाजूला जाजमं टांगून आडोसा केला तो तिसऱ्या दिवशी, आणि तोही आमच्या हिच्या डोक्यातून निघाला. तोवर त्या बायकांनी कपडे कसे बदलले असतील, हे आम्हा पुरुषांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

काय लागतं आणि काय येतं यात केवढं अंतर असतं ते तेव्हा कळलं. पहिले दोन-तीन दिवस बाहेरून काहीच येऊ शकत नव्हतं. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, ट्रकच्या रांगा लागलेल्या, इकडचे रस्ते तुटलेले. वीज नाही म्हणून एटीएम बंद. त्या दिवसांत माणसं जगली ती शेजारच्या गल्लीवर. घरटी पाच भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी अशी हाक दिली आणि दुपारपर्यंत भाकरीच्या चळती लागल्या. ज्या घरी दोघंच म्हातारी माणसं, तिथूनही वीस-वीस भाकरी आल्या. रस्ते मोकळे झाल्यावर मात्र मदतीचाच महापूर आला. महाराष्ट्राने तेव्हा हात सैल सोडला, त्याला तोड नाही, हे आधी सांगतो. पण जुन्या कपड्यांचे ढीग छताला लागले. त्यात पार्टीत घालायचे गाऊन, एकच पायमोजा, बटणं तुटलेले कोट. ते कपडे निवडायला आठ माणसं चार दिवस लागली. गहू आले, पण गिरण्या पाण्याखाली होत्या आणि जिथे पाणी नव्हतं तिथे वीज नव्हती. गहू काय चावून खायचे? बिस्किटं इतकी आली की पोरं पुडा दाखवला की पळून जात.

आणि न आलेल्या वस्तू? कोरडी काडेपेटी. मेणबत्त्या. बायकांचे आतले कपडे आणि सॅनिटरी पॅड, जे मागायला बाई तोंड उघडत नाही आणि द्यायचं पुरुषाला सुचत नाही. पाण्यात टाकायचे क्लोरीनचे थेंब. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल असतो, तेव्हा खराटा, फावडं, बादली आणि टीसीएल पावडर ही देवासारखी वाटते. चिखलात अनवाणी काम करून लेप्टो होतो, म्हणून गमबूट. ताडपत्री तर सोन्याची.

आता माझी चूक सांगतो. मला दारावर वही घेऊन बसवलं होतं. बँकेतला माणूस, नोंदी नीट ठेवेल म्हणून. आधी कार्ड, मग नोंद, मग सही, मग चादर, असा क्रम मी लावला. दुबार वाटप नको, हा हेतू वाईट नव्हता. चौथ्या दिवशी एक आजी आल्या. पंच्याहत्तरीच्या असतील. ओलं लुगडं, काखेत गाठोडं. मी रेशनकार्ड मागितलं. म्हणाल्या, "कार्ड घरात हाय, आनि घर पान्यात." मी सवयीने म्हणालो, "मग जरा बाजूला थांबा." हे वाक्य मी काउंटरवर हजारदा म्हटलं असेल. पेन्शनर लोकांना, हयातीचा दाखला नसलेल्यांना, सही न जुळणाऱ्यांना. आजी बाजूला थांबल्या. मी रांग पुढे चालवली आणि त्यांना विसरलो. दीड तासाने आमची सून चहा घेऊन आली, तिने पाहिलं, तेव्हा त्या खांबाला टेकून तशाच उभ्या होत्या. बसा असं मी म्हटलं नव्हतं, म्हणून त्या बसल्याही नव्हत्या.

चादर दिली, चहा दिला. रात्री ते गाठोडं त्यांनी उशाशी घेतलं, हातही लावू देईनात. लोक म्हणाले, म्हातारीने डाग आणले असतील. दुसऱ्या दिवशी त्यांना भोवळ आली, डॉक्टर आले आणि गाठोडं सोडावं लागलं. आत एक पातळ, मालकांचा फोटो, आणि गोळ्यांची एक रिकामी पट्टी. गोळ्या संपून सहा दिवस झाले होते. नाव वाचता येत नव्हतं म्हणून दुकानदाराला दाखवायला पट्टी जपून ठेवली होती. दीड तास मी त्यांच्याकडे नसलेला कागद मागत बसलो, आणि असलेला कागद कोणता हे विचारलं नाही.

गुरुचरित्रातला भास्कर ब्राह्मण आठवतो ना? अडतिसावा अध्याय. तिघांपुरता शिधा घेऊन गाणगापुरी आला. रोज कुणीतरी दुसराच समाराधना करी, हा तिकडे जेवी आणि रात्री ते गाठोडं उशाला घेऊन निजे. लोक हसत. गुरूंनी मात्र एके दिवशी त्यालाच सांगितलं, आज तुझी भिक्षा, सर्वांना बोलाव. तिघांच्या अन्नात हजारो जेवले. आपण हा अध्याय अन्नपूर्तीचा चमत्कार म्हणून वाचतो. मला आता त्यात वेगळंच दिसतं. उशाशी गाठोडं घेऊन निजलेल्या माणसाकडे सगळे हसून बघत होते, गुरूंनी एकट्याने त्याच्या गाठोड्यात काय आहे ते ओळखलं. आमच्या मंडपात एकशे चाळीस गाठोडी होती.

मंगळवेढ्याचे दामाजीपंत तर आमच्याच जातीचे, म्हणजे हिशोब आणि किल्ल्या सांभाळणाऱ्यांच्या जातीचे. दुष्काळात बादशाही कोठारं त्यांनी उपाशी लोकांना उघडून दिली, हुकमाची वाट पाहिली नाही. पांडुरंग रक्कम भरायला बिदरला गेला तो नंतर. किल्ली फिरवताना पंतांना ते ठाऊक नव्हतं, हे लक्षात घ्या. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी ठराव मागितला.

अजून एक प्रसंग. एका संध्याकाळी बाहेरगावचे एक प्रवचनकार लोकांना धीर द्यायला आले. भागवतातल्या एकादश स्कंधातले अवधूताचे चोवीस गुरू त्यांनी सांगायला घेतले. सर्प हाही एक गुरू, तो स्वतःचं घर बांधत नाही, दुसऱ्याने केलेल्या बिळात राहतो. तेव्हा घराचा मोह धरू नये, सगळं नश्वर आहे. विवेचन उत्तम होतं. मध्येच एक शेतकरी उठला, हात जोडले आणि म्हणाला, "महाराज, आमच्या माळ्यावर सापच चढून बसल्यात. त्येंची सोय झाली. आमची सांगा." कोणी हसलं नाही. तो दत्तभक्तच होता, गळ्यात माळ होती. वैराग्य ज्याचं त्याने घ्यायचं असतं. अवधूताने ते यदुराजाला स्वतःबद्दल सांगितलं, घर वाहून गेलेल्या कुणब्याला नाही. भिजलेल्या माणसाला आधी पंचा द्यावा.

आणि जनावरं. म्हैस दावणीला सोडून या, असं कोणाला सांगता येतं का? कित्येक घरांत बायका-मुलं बाहेर पडली आणि कर्ता माणूस जनावरांपाशी छातीभर पाण्यात थांबला. आमच्याकडे आलेल्यांपैकी निम्मे पुरुष दिवसभर रस्त्यावर बांधलेल्या जनावरांपाशी असत, ओल्या उसाचं वाडं कुठे मिळतं का बघत. मंडपात समोर तसबीर लावलेली. दत्तप्रभूंच्या मागे गाय उभी, पायाशी चार श्वान. ती मी रोज पाहतो. त्या देवाला मंदिरात या, पण गाय बाहेर ठेवा असं सांगितलं तर तो आत येईल का? ज्या निवाऱ्यात जनावराला जागा नाही तिथे शेतकरी वेळेवर येणार नाही, आणि मग नावा पाठवाव्या लागतात.

पुढे कमिटीने मंदिरामागच्या खोलीत दोन लोखंडी ट्रंका ठेवल्या. सुरुवातीला काहीजण म्हणाले, दानपेटीचा पैसा देवाच्या कामाला. पुजारीकाका शेजारीच बसले होते, म्हणून वाद वाढला नाही. ट्रंकांत ताडपत्र्या, सुतळी, चादरी, मेणबत्त्या, प्लॅस्टिकच्या डब्यात काडेपेट्या, क्लोरीनचे थेंब, पॅड, टॉर्च. औषधांची मुदत दर गुरुपौर्णिमेला तपासायची. बाजारवाटेच्या एका गोठ्याच्या मालकाशी आणि कडबा विकणाऱ्याशी आधीच बोलून ठेवलं. पाच घरांकडे भाकरीची हाक पोचवायचं काम. अन्नदानाच्या देणगीतला एक हिस्सा त्यासाठी बाजूला काढतो, तो जमाखर्चात वेगळा दाखवला आहे, शेवटच्या पानावर पाहावा. सभामंडपाच्या किल्ल्या आता तीन आहेत. एक माझ्याकडे, एक पुजारीकाकांकडे आणि एक समोरच्या चहावाल्याकडे, कारण पहाटे चारला जागा असणारा तोच एक.

त्या ट्रंका २०२१ च्या जुलैमध्ये उघडल्या. कोरोनाचे दिवस, मंदिरं भाविकांना बंद, दर्शनाला कुलूप. आणि ऐन गुरुपौर्णिमेच्या आसपास पाणी चढलं. या वेळी लोक रेघेकडे बघत बसले नव्हते, पुष्कळजण आधीच जनावरं घेऊन निघाले. गाभाऱ्यात एकट्या काकांनी पूजा केली आणि मंडपात तोंडाला फडकी बांधलेली नव्वद माणसं अंतर ठेवायची धडपड करत बसली होती. त्या साली पौर्णिमेला गुरुदर्शन झालं नाही असं मला काही म्हणता येत नाही.

दुपारी दारात रिक्षा थांबली. आजी उतरल्या. दोन वर्षांत आणखी वाकल्या होत्या. मला पाहिलं आणि नमस्कार करायच्या आधी कमरेच्या पिशवीत हात घातला. प्लॅस्टिकमध्ये तीनदा गुंडाळलेलं रेशनकार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी पुढे धरलं.

"साहेब, ह्ये आधी लिवून घ्या. मग आत येतो."

वही मी त्या वर्षी आत, काकांच्या कपाटात ठेवली होती. हे त्यांना सांगायला मला शब्द फुटेनात. मी त्यांचं गाठोडं घेतलं आणि पुढे चाललो.